पात्राचा पत्ता

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या लेखकांना कथालेखन शिकवणारा लेख आला होता. त्यावर पुढच्या रविवारी वाचकांची पत्रंही छापून आली. मी दोन्ही वाचलं. लेखात पात्र तयार करण्यासाठी एक तक्ता दिला होता: नाव, वय, उंची, शिक्षण, आवडता रंग, आवडता पदार्थ, लहानपणीची भीती, आयुष्यातलं स्वप्न. रकाने भरत गेलं की पात्र उभं राहतं, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. पत्रांमधलं एक पत्र कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचं होतं. तिनं लिहिलं होतं की तक्ता सगळा भरला, पण पात्र जागचं हलत नाही. शिवाय आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात काही घडतच नाही, मग प्रेरणा आणायची कुठून? तिला कुणी उत्तर दिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लांबणार आहे, याची कल्पना आधीच देतो.

मी दिवाणी न्यायालयात बेलीफ होतो. आता निवृत्त आहे. बेलीफ म्हणजे नेमकं कोण, हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. कोर्टातून निघालेलं समन्स, नोटीस, जप्तीचं वॉरंट, ताब्याचं वॉरंट ज्याच्या हातून माणसाच्या दारात पोचतं तो बेलीफ. नाझरसाहेब, म्हणजे कोर्टातले आमचे वरचे अधिकारी, सकाळी कागद वाटून देणार, ते थैलीत घालायचे, एसटी नाहीतर सायकल धरायची आणि गावं फिरायची. पुढं मोटारसायकल आली. कुठल्याच गावात आपल्याला बघून कुणाला आनंद होत नाही, हे पहिल्या महिन्यातच कळतं. त्याची सवय झाली की माणसं नीट दिसायला लागतात. नोकरीत असतानाच मी कथा लिहायला लागलो. जिल्ह्यातल्या लहान दिवाळी अंकांतून त्या छापून येतात. मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळते, कधी दोन. तेव्हा मी काही मोठा लेखक म्हणून सांगत नाही. दारात उभा राहून जे बघितलं तेवढंच सांगतो.

तक्त्याबद्दल माझी पहिली हरकत धंद्यातली आहे. आमच्या समन्सावरही रकाने असतात: प्रतिवादीचं पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार. एवढ्या माहितीवर माणूस कधी सापडला नाही. गावाच्या पारावर जाऊन वडिलांच्या नावासकट कागदावरचं पूर्ण नाव वाचलं की चार डोकी एकमेकांकडं बघणार आणि सांगणार, "असा कोण न्हाई आमच्यात." खोटं बोलतात असंही नाही. त्या नावानं त्याला कुणी हाकच मारत नाही. मग विचारायचं की मुंबईला गिरणीत होता तो कोण? थोरल्या भावाशी बोलत नाही तो कोण? विहिरीवरून भांडण झालेलं तो कोण? लगेच उत्तर: "मग मिलवाला आण्णा म्हणा की! त्यो काय शेडवर गेलाय." आमचा हा बेदाण्याचा मुलूख. उन्हाळा लागला की निम्मं गाव बेदाण्याच्या शेडवर असतं. माणूस सापडायचा तो नावावरून किंवा वयावरून नव्हे. कुणाशी वाकडं आहे, कुठून परत आलाय, काय गमावलंय, यावरून सापडायचा. त्या मुलीनं आवडता रंग खोडावा आणि तिथं लिहावं की गल्लीत याला मागून काय म्हणतात आणि तोंडावर काय म्हणतात. दोन्ही सारखंच असेल तर तो माणूस कथेच्या कामाचा नाही, बाजूला ठेवावा.

दुसरी गोष्ट प्रेरणेची. हा शब्द ऐकला की मला अवघडल्यासारखं होतं. डोंगरावर जाऊन बसणारे, पावसात भिजणारे लेखक डोळ्यांपुढं येतात. माझ्या बाबतीत इतकंच व्हायचं की कागद बजावून परत निघालो की एखादी गोष्ट उलगडायची राहून गेलेली असायची. ती डोक्यात बसायची. अहवालात तिला जागा नसायची. "सदर समन्स प्रतिवादी यांचे घरी जाऊन त्यांचे पत्नीस समक्ष दिले व दुसऱ्या प्रतीवर अंगठा घेतला" एवढं लिहिलं की सरकारच्या दृष्टीनं विषय संपला.

या 'पत्नीस दिले' मागंही एक कायदा आहे. पूर्वी प्रतिवादी घरी नसला तर कुटुंबातल्या सज्ञान पुरुषाच्याच हाती समन्स देता यायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेत 1976 साली दुरुस्ती झाली आणि सज्ञान स्त्रीच्या हाती दिलेलं समन्सही चालायला लागलं. माझ्या आधीचे बेलीफ सांगायचे की घरात बाई असली तरी पुरुषमाणूस येईपर्यंत ओट्यावर बसून राहावं लागायचं. माझ्या काळात बाईच्या हातात कागद देता येत होता आणि खरं सांगायचं तर माझ्या निम्म्या कथा त्या दुरुस्तीनं दिल्या. पुरुष कागद घेतो आणि ताबडतोब वकिलाचं नाव काढतो. बाई कागद घेते आणि आधी कागद आणणाऱ्याकडं बघते.

एक घर सांगतो. गाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललंय. दुपारची वेळ, बाई भांडी घासत होती. मी कोर्टाचा माणूस आहे म्हटल्यावर तिनं हात धुतले, पदराला कोरडे केले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. वाचता येत नव्हतं. मी सांगितलं, अमुक तारखेला मालकांना कोर्टात हजर राहायला सांगा, जमिनीच्या वाटपाचा दावा आहे. तिनं विचारलं, "गट नंबर कुठला हाय ह्यात?" मी सांगितला. "विहिरीचं रान का माळाचं?" तेही सांगितलं. मग म्हणाली, "बसा, चा टाकते." पक्षकाराच्या घरी मी चहा घेत नसे, तसं तिला सांगितलं. तर म्हणते कशी, "कागुद सरकारचा हाय, चा माझा हाय." तरी मी घेतला नाही. अंगठा घेऊन निघालो. गावाबाहेर एसटीची वाट बघताना लक्षात आलं की तिनं गट नंबर विचारला, रान विचारलं, तारीख दोनदा विचारली. पण दावा कुणी लावलाय, हे काही विचारलं नाही.

माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. कुणी केली केस? ते तिला विचारावं लागलं नाही, म्हणजे ते तिला आधीच ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, ते मला कधी कळलं नाही. कळून घ्यायला मी गेलोही नाही. ते प्रकरण माझ्या थैलीतून गेलं, विषय संपला. मला खरी माहिती मिळाली असती तर तिथंच थांबावं लागलं असतं आणि कथा झाली नसती.

आता पात्र कसं वाढतं ते सांगतो, कारण त्या मुलीचा खरा प्रश्न तोच आहे. वाटपाचा दावा म्हटलं की आमच्या भागात आता पुष्कळदा वादी बहीण असते. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क मिळाला. त्याआधी साडी-चोळीवर बोळवण व्हायची, आणि आजही बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याचा रिवाज काही गेलेला नाही. तेव्हा माझ्या कथेत दावा लावणारी त्या बाईची नणंद, हे मी ठरवलं. इथपर्यंत कुणीही येईल. नणंद-भावजयीचं भांडण, त्यात काय नवीन? आठ-पंधरा दिवस कथा तिथंच अडून बसली होती. बाई नुसती रागावलेली. तोंडी शिव्या, डोळ्यांत पाणी, आणि पुढं काही नाही.

मग मी तिला त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसवलं. तिनं स्वतः माहेरी भावाला हक्कसोड करून दिलेली आहे. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन, अंगठा देऊन, वर भावजयीनं नेसवलेली साडी घेऊन ती परत आलीय. आता तिच्या नणंदेनं ते करायला नकार दिलाय. ही बाई नणंदेला शिव्या घालते तेव्हा तिचा राग नेमका कुणावर आहे? नणंदेवर, नवऱ्यावर, की त्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत मुकाट्यानं अंगठा पुढं करणाऱ्या स्वतःवर? एवढं केल्यावर मला पुढं ढकलावं लागलं नाही. ती आपणहून नणंदेच्या गावच्या एसटीत बसली. तिथं जाऊन काय बोलली, ते लिहिताना माझं मलाच नवल वाटत होतं. भांडायला म्हणून गेलेली बाई नणंदेला विचारते, "वकील किती घेतो?"

तेव्हा त्या कन्येला माझं सांगणं इतकंच, की पात्र हलत नसेल तर त्याचा स्वभाव आणखी सजवत बसू नये. ज्या गोष्टीवर ते चिडलेलं आहे तीच गोष्ट त्यानं कधीतरी स्वतः केली आहे का, किंवा करायची राहून गेली आहे का, ते बघावं. दर वेळी जमतंच असं नाही, पण बहुतेक वेळा जमतं.

जप्तीच्या कामात तर माणूस फारच जवळून दिसतो. कर्जाच्या दाव्यात हुकूमनामा झाला, म्हणजे पैसे भरा असा निकाल लागला, पैसे भरले नाहीत, वसुलीची दरखास्त लागली, की वॉरंट निघतं. घरातली काय वस्तू जप्त करायची आणि काय नाही, हे कायद्यानं लिहून ठेवलंय. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 कधीतरी वाचून बघा. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, आणि धर्माच्या रूढीप्रमाणं स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. याला हात लावायचा नाही. सगळं गेल्यावर माणसाकडं काय उरू द्यायचं याची ही यादी आहे आणि ती माझ्या मते त्या तक्त्यापेक्षा कितीतरी उपयोगाची आहे. आपल्या पात्राच्या घरी जप्ती आली असं धरून चालावं. कायदा त्याला भांडी आणि अंथरूण देतो. तो स्वतः काय मागतो?

एकाची वडापची जीप जप्त करायची होती. आमच्याकडं गावोगाव माणसं भरून धावणाऱ्या जीपला वडाप म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं. कमांडर जीप होती. मी पंच घेऊन पोचलो. वाटलं होतं आरडाओरडा होईल. त्यानं किल्ली आणून दिली आणि म्हणाला, "सायेब, तासभर थांबा. धुऊन देतो." मी म्हटलं, जप्त व्हायला चाललेली गाडी धुतोस कशाला? तो काही बोलला नाही. नळी लावली, साबण आणला, टायरसुद्धा घासले. शेजारपाजारचे गोळा होऊन बघत होते. पंच कंटाळून दोनदा तंबाखू मळून खाऊन झाले. गाडी पुसून झाल्यावर त्यानं ड्रायव्हरच्या सीटशेजारून एक लाकडी फळी काढली. पुढं चौथा पॅसेंजर बसवायला त्यानं ती स्वतः ठोकून बसवली होती. मला विचारलं, "ही यादीत हाय का?" मी पंचनामा बघितला. एक जीप, पाच टायर, एक जॅक, एक पाना. फळी नव्हती. त्यानं ती उचलली आणि घरात नेऊन ठेवली. जीप गेल्यावर त्या फळीचा त्याला उपयोग काय होता, ते मला अजून सांगता येणार नाही.

हा प्रसंग मी जसाच्या तसा लिहून बघितला तर तो अगदीच पांगळा झाला. ऐकायला बरा, वाचायला काही नाही. कारण खऱ्या माणसाला पुढं काही करायचं नव्हतं, जीप गेली आणि तो घरात गेला. कथेत मी ते धुणं आणि ती फळी काढून एका धाकट्या भावाला दिली. जीप थोरल्याच्या नावावर, चालवतो धाकटा, कर्ज काढलंय थोरल्यानं आणि जप्तीच्या दिवशी थोरला गावातच नाही. आता धाकटा जी जीप धुतो ती त्याची नाहीच. फळी तेवढी त्याची आहे. पुढं त्या फळीवरून दोघा भावांत जे होतं ते लिहायला मला मजा आली. खऱ्या जीपवाल्याला ती कथा वाचायला मिळाली असती तरी त्यात स्वतःला त्यानं ओळखलं नसतं.

आमच्याकडं लिहिणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच की व्यंकटेश माडगूळकरांनी बघा, आजूबाजूची माणसं उचलली आणि लिहिली. 'माणदेशी माणसं' 1949 साली आलं आणि माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचेच, त्यामुळं त्या पुस्तकाचा आम्हाला अभिमान आहेच. पण ती व्यक्तिचित्रं आहेत. व्यक्तिचित्रात माणूस भेटला की काम होतं. कथेत त्याला अडचणीत घालावं लागतं, आणि अडचणीत घालायचं तर तो आपला पाहिजे, शेजाऱ्याचा चालत नाही. शेजाऱ्याला कथेत अडचणीत घातलं तर तो उद्या दारात येतो. आमच्यासारख्याला तर ते परवडणारंच नव्हतं. कोर्टातलं काम चव्हाट्यावर आणणं नोकरीला आणि माणुसकीला दोन्हीला सोडून. त्यामुळं माझा नेम असा की धंदा बदलायचा, गाव बदलायचं, वय वीसेक वर्षांनी इकडं-तिकडं करायचं आणि जमलं तर बाईचा पुरुष किंवा पुरुषाची बाई करायची. एवढं करूनही हातात काही शिल्लक राहिलं तरच लिहायचं. पुष्कळदा राहत नाही. मग ती नुसती चहाच्या गाड्यावर सांगायची गंमत असते.

कलम 62 नंही मला एक पात्र दिलं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी कुणाच्या राहत्या घरात शिरता येत नाही. हा नियम वकिलांइतकाच कर्ज बुडवणाऱ्यांनाही पाठ असतो. एक जण असा होता की दिवे लागल्यावर घरी यायचा आणि उजाडायच्या आत बाहेर पडायचा. मी कधीही जावं तर दाराला कडी. एवढंच खरं आहे. घरी येताना विचार करत होतो की गाव त्याच्याबद्दल काय समजत असेल? दिवसभर गायब, रात्रीचा घरी, पहाटे पुन्हा गायब. गावाला एकच अर्थ माहीत असतो: भानगड आहे. कथेत मी ती अफवा उठवली. आणि माझा माणूस ती अफवा खोडत नाही. उलट कधी कधी शर्टाला अत्तर लावून बाहेर पडतो. बाईचं लफडं आहे म्हटलेलं त्याला चालतं, पण दारात जप्ती आली म्हटलेलं चालत नाही. बायकोला खरं ठाऊक आहे आणि तिला गावातल्या बायकांची कीव झेलावी लागते, नवऱ्याची अब्रू राखण्यासाठी स्वतःची घालवत. हे सगळं एका कलमातून निघालं. कोण म्हणतं तालुक्याच्या गावात काही घडत नाही?

आता खोटं बोलण्याबद्दल, कारण यात नवे लेखक फार चुकतात. त्यांची सगळी पात्रं एकाच पद्धतीनं खोटं बोलतात, म्हणजे लेखकाच्या पद्धतीनं. दारात उभं राहून मी जितकं खोटं ऐकलंय तितकं वकिलांनीही ऐकलं नसेल. बाप खोटं बोलतो तेव्हा जास्त बोलतो: पोरगा पुण्याला गेलाय, कंपनीत लागलाय, मोठा पगार आहे, खोली घेतलीय. आई एकच शब्द बोलते, "न्हाई," आणि दारातून हलत नाही. बायको खोटं बोलत नाही, आत जाऊन सासूला पाठवते. लहान पोरगं खरं सांगतं आणि मग त्याला आतून कुणीतरी दंडाला धरून ओढतं. आणि या सगळ्यांच्या पायांशी, उंबऱ्याबाहेर, ज्याला शोधतोय त्याची चप्पल. माझ्या वहीत माणसांची वर्णनं नाहीत, असली खोटी उत्तरं आहेत. पात्राचं नाव ठरायच्या आधी ते खोटं कसं बोलेल हे मी लिहून बघतो.

जाता जाता एक राग व्यक्त करतो. पुरवणीत येणाऱ्या कथांमधला खेडूत अजून "व्हय जी, मायबाप सरकार" म्हणत हात जोडतो. मला एवढ्या नोकरीत कुणी मायबाप म्हटलं नाही. "कोर्टाचं काय काम निघालं आता?" असं म्हणून उलट मलाच उभं आडवं विचारलंय. एकानं तर माझ्या प्रवासभत्त्याची चौकशी केली होती आणि तो ऐकून माझी कीव केली होती.

गलाईवाल्यांची घरं तर कथांची कोठारंच आहेत. आमच्या तासगाव-खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. गावाकडं त्यांचे मोठाले बंगले, वर्षातून जत्रेला नाहीतर दिवाळीला उघडणारे. समन्स घेऊन गेलं की दाराला कुलूप. अशा वेळी, नाइलाज झाला की, समन्सची प्रत दाराला चिकटवायची, साक्षीदाराची सही घ्यायची आणि तसा अहवाल द्यायचा अशी पद्धत. एकदा प्रत चिकटवताना ग्रिलमधून आत बघितलं. भिंतीवर तमिळ अक्षरांचं कॅलेंडर, तेही जुन्या सालातलं. खुर्च्यांवर धूळ. आणि अंगणातल्या वृंदावनातली माती ओली. पाणी कोण घालतं म्हणून विचारलं तर शेजारी एकमेकांकडं बघायला लागले. बेलीफ म्हणून मला विचारावंच लागलं, किल्ली कुणाकडं असते? लेखक म्हणूनही तोच प्रश्न होता. त्याची कथा अजून झालेली नाही. मी तीन निरनिराळ्या माणसांच्या हातात ती किल्ली देऊन बघितली, एकाच्याही हातात शोभत नाही.

माझ्या पुतण्यानं परवा मोबाईलवर त्या एआयला सांगितलं की एका बेलिफाची कथा लिही. क्षणात आली. त्यातला बेलीफ प्रामाणिक होता, विधवेच्या दारात त्याचे डोळे पाणावले आणि त्यानं वॉरंट फाडून टाकलं. पुतण्या म्हणाला, काका, मस्त आहे की. मी म्हटलं, वॉरंट फाडलं असतं तर नाझरसाहेबांनी मला दुसऱ्या दिवशी फाडलं असतं. माझ्या कथेतला बेलीफ विधवेच्या दारात उभा असतो तेव्हा शेवटची एसटी चुकेल का, हा विचार त्याच्या मनात असतो, आणि त्याची त्याला लाजही वाटत असते. यंत्राला दोष देत नाही. त्याला कुणी दारात उभं केलेलं नाही.

त्या मुलीला एक उपाय सुचवतो, फुकटचा आहे. जवळच्या तालुक्याच्या कोर्टात एखाद्या दिवशी अकराच्या सुमारास जाऊन बसावं. न्यायालयाचं कामकाज खुलं असतं, जागा असेल तर मागं कुणालाही बसता येतं. वही काढू नये, लोक बिचकतात. पुकारा झाला की कोण झटकन उठतं, कोण शेजाऱ्यानं ढोसल्यावर उठतं, ते बघावं. बाहेर व्हरांड्यात एकाच दाव्यातले दोघे भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात आणि चहावाला आला की मधल्या माणसाकरवी पैसे देतात. स्टॅम्पवेंडरच्या टेबलाशी उभं राहावं. माणूस स्वतःचं नाव कसं सांगतो, तिथं ऐकायला मिळतं. कुणी पूर्ण सांगतं, कुणी आधी गावाचं नाव सांगतं, म्हाताऱ्या बायका तर नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की पोराकडं बघतात. हे सगळं लवकर बघून घ्यावं. आता समन्स मोबाईलवरही यायला लागलीत आणि माझ्या जागी आलेल्या पोराकडं कोर्टाचा फोन आहे. तो दारात फोटो काढतो, ठिकाण आपोआप नोंदलं जातं आणि पुढच्या दाराला निघतो. काम चोख होतं. ओट्यावर बसायला मात्र त्याला वेळ नाही.

शेवटी संपादकसाहेब, एक तक्रार आपल्याकडं. आपल्या कथास्पर्धेच्या नियमांत 'कथेचा शेवट सकारात्मक असावा' असं छापलंय. माझ्या त्या हक्कसोडवाल्या बाईच्या कथेचा शेवट सकारात्मक आहे की नाही, मला ठरवता येईना. ती नणंदेच्या घरून निघते, एसटीत बसते, आणि नवऱ्याला काय सांगायचं ते तिचं ठरत नाही. मी कथा पाठवली नाही. हा नियम पुढच्या वर्षी काढता आला तर बघा. शब्दमर्यादा राहू द्या, तिची मला तक्रार नाही; अहवाल लिहून लिहून थोडक्यात लिहायची सवय आहे, हे पत्र सोडून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त बेलीफ
तासगाव, जि. सांगली
(नाव कृपया छापू नये. गावात अजून फिरावं लागतं.)